हापूस : अखेरची सूचना

निवेदने देऊन झाली. स्मरणपत्रे देऊन झाली. ही सूचना आहे आणि ती अखेरची आहे.

सही करणारे आम्ही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतले हापूस बागायतदार. आमच्या सहीखाली सही आहे ती दुबई, शारजा आणि अबुधाबीत राहून आमचा माल मागवणाऱ्या, विकणाऱ्या आणि घरी नेणाऱ्या आमच्याच माणसांची.

ज्या खात्याला ही सूचना आहे त्याचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. आमचे कागद ज्यांच्या टेबलावर पडून आहेत त्यांना ते सांगावे लागत नाही.

मागणी एका ओळीची आहे. हापूस या नावाला संयुक्त अरब अमिरातीत कायद्याचे संरक्षण मिळवण्यासाठी दसऱ्यापर्यंत अर्ज दाखल करावा.

तशी नोंद आधीच झाली असेल तर तिचा क्रमांक कळवावा. तो आम्ही पुन्हा पुन्हा विचारला आहे. एका ओळीत उत्तर देता आले असते. ती ओळ आजवर आलेली नाही.

आता मागचा हिशेब.

ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ते सहज मिळाले नव्हते. चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात वर्षानुवर्षे प्रकरण चालले. देवगडचे म्हणणे वेगळे होते, रत्नागिरीचे वेगळे. अखेर पाच जिल्हे एका नावाखाली आले. चार संस्थांची मालक म्हणून नोंद झाली. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ त्यांतले एक.

त्यानंतर बागायतदाराने सातबारा काढला. फॉर्म भरला. शुल्क भरले. अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव सरकारी नोंदवहीत चढवले. तालुक्याला हेलपाटे घातले ते मोहोराच्या दिवसांत, तुडतुड्यावरची फवारणी सोडून.

देवगडच्या तालुका आंबा उत्पादक संस्थेने त्याही पुढे पाऊल टाकले. २०२५ च्या मोसमात फळाफळावर सांकेतिक क्रमांकाचा स्टिकर आला. बागेत कलमे किती, त्या प्रमाणात स्टिकर मिळतात. जास्त नाहीत. स्टिकर सोलला की तो फाटतो. क्रमांकाचा एक तुकडा वर येतो, दुसरा खाली राहतो. दोन्ही जुळवून फोनवरून पाठवले की बागायतदार कोण आणि गाव कुठले ते कळते. एका फळावरचा स्टिकर दुसऱ्या फळावर लावता येत नाही.

म्हणजे आमच्याकडून जे व्हायचे होते ते झाले आहे. फळ कुणाचे, कुठले, हे आम्ही फळावरच लिहिले आहे.

तो पत्ता समुद्रापलीकडे मानला जावा, एवढेच काम सरकारकडे होते.

भौगोलिक मानांकनाचा भारतीय कायदा १९९९ चा. अंमल सप्टेंबर २००३ पासून. खोटे मानांकन लावणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. कायदा चांगला आहे. पण तो न्हावा-शेव्याच्या धक्क्यापर्यंतच चालतो. कंटेनर दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरला की तिथे अमिरातीचा कायदा.

जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार आहे. त्याने वाइनला आणि मद्याला अधिकचे संरक्षण दिले. आंबा, चहा, तांदूळ यांना साधे. हा अन्याय जुना आहे आणि भारत तो अनेक वर्षे जिनिव्हात मांडत आला आहे. त्यात आज आम्ही शिरत नाही. त्याच करारात असेही कलम आहे की ज्या नावाला मायदेशात संरक्षण नाही, त्याला परदेशाने संरक्षण देण्याचे बंधन नाही. हापूसला मायदेशात संरक्षण आहे. ती अट २०१८ मध्येच पुरी झाली.

अडचण आमच्या बाजूला राहिलेली नाही. अमिरातीच्या बाजूलाही ती नाही.

हे नीट लक्षात घ्यावे. अमिरातीने २०२१ या एका वर्षात बौद्धिक संपदेचे तिन्ही कायदे नवे केले. पेटंट आणि औद्योगिक हक्कांसाठी ११ क्रमांकाचा. ट्रेडमार्कसाठी ३६ क्रमांकाचा. कॉपीराइटसाठी ३८ क्रमांकाचा. ट्रेडमार्कचा नवा कायदा जानेवारी २०२२ मध्ये लागू झाला. त्यात ध्वनीला, गंधाला, होलोग्रामला जागा मिळाली. भौगोलिक नावांनाही मिळाली. बनावट चिन्हासाठी एक लाख ते दहा लाख दिरहम दंड, कैद किंवा दोन्ही, असा त्याचा दात आहे.

त्याच्या आधीच, २८ डिसेंबर २०२१ रोजी, अमिरात माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय ट्रेडमार्क व्यवस्थेत आली. भारत त्यात जुलै २०१३ पासून आहे. म्हणजे मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयात केलेल्या अर्जाच्या आधारे, तिथूनच, अमिरातीत संरक्षण मागता येते. दार उघडले त्याला वर्षे झाली.

१८ फेब्रुवारी २०२२ रोजी भारत आणि अमिरात यांच्यात व्यापक आर्थिक भागीदारी करार झाला. १ मेपासून तो लागू झाला. महाराष्ट्र दिन होता आणि कोकणात आंब्याचा भर मोसम होता. त्या करारात बौद्धिक संपदेवर स्वतंत्र प्रकरण आहे. आम्ही ते वकिलाकडून वाचून घेतले. त्यानंतर खात्याला पत्र लिहिले. पत्राची पोच मिळाली.

पोच नेहमीच मिळते.

अमिरात हे आमच्यासाठी दूरचे गिऱ्हाईक नाही. अमेरिकेला आंबा पाठवायचा तर विकिरण लागते. जपानला पाठवायचा तर बाष्पाची प्रक्रिया लागते. युरोपने २०१४ मध्ये फळमाशीच्या कारणाने भारतीय आंबा बंदच केला होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा सुरू झाला. आखात मात्र पिढ्यान् पिढ्या आमचा आंबा खाते. २०२४ मध्ये भारतातून अमिरातीत बारा हजार टनांहून अधिक आंबा गेला. किंमत सुमारे दोन कोटी डॉलर. हा सर्व जातींचा आकडा आहे. त्यात कोकणचा हापूस किती, हे नाव राखले गेल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

गेल्या मोसमात शारजातल्या एका दुकानातून आमच्या माणसाने आंब्याचा खोका घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत रत्नागिरी हापूस. खाली बारीक अक्षरांत भारताचे उत्पादन. फळ एकसारखे, तुकतुकीत. साल जाड. कापले तर गर पिवळा. देठाशी नाक नेले तरी वास नाही. स्टिकर नाही, क्रमांक नाही, बागेचे नाव नाही.

दुकानदाराला विचारले. त्याने घाऊक बाजाराचे बिल काढून दाखवले. बिलावर एवढेच : अल्फान्सो, इंडिया.

त्या दुकानदाराला आम्ही दोष देत नाही. खोका त्याने भरला नाही. नाव त्याने छापले नाही. खाली लिहिलेली ओळसुद्धा खरी होती. फळ भारतातलेच होते. अमिरातीत देशाचे नाव तपासले जाते. देशाच्या आत जिल्हा कुठला, हे तपासायला तिथल्या अधिकाऱ्याच्या हातात कागद लागतो. तो कागद आपण दिलेला नाही.

दोष कर्नाटकातल्या शेतकऱ्यालाही नाही. धारवाड, बेळगाव, हासन भागात हापूसची कलमे आहेत. तो शेतकरीही आमच्यासारखाच पाऊस आणि थ्रिप्स यांच्या हातचा. त्याने आपला आंबा आपल्या जिल्ह्याच्या नावाने विकावा. चांगला भाव घ्यावा. त्याला कोणी हरकत घेतली तर आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. नाव वाटेत बदलते. बागेत आणि दुकानात नाही, या दोहोंच्या मधे. कुठे बदलते हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे.

त्याचा भार कोणावर पडतो ते सांगतो. कोकणातल्या कलमाला मोहोर येतो, गळतो, पुन्हा येतो. फेब्रुवारीत उकाडा वाढला की वाटाण्याएवढी कैरी झाडाखाली पडते. मजूर नेपाळहून येतो; त्याची उचल जानेवारीतच द्यावी लागते. औषधाची उधारी जूनमध्ये फेडायची असते. या सगळ्यावर उभी असलेली पेटी जेव्हा दुबईच्या अल अवीर बाजारात उतरते, तेव्हा तिच्या शेजारी तेच नाव छापलेला खोका निम्म्या दराने उभा असतो. गिऱ्हाईक नाव वाचून स्वस्त खोका घेते. घरी जाऊन कापते. आणि हापूस आता पूर्वीसारखा राहिला नाही, असे म्हणते.

त्या एका वाक्याची भरपाई कोणत्याही अनुदानाने होत नाही.

२०२५ मध्ये अबुधाबीत भारतीय आंब्यांचा महोत्सव झाला. मानांकन मिळालेल्या जाती तिथे मांडल्या गेल्या. आम्हाला त्याचा अभिमान वाटला. पण महोत्सव काही दिवसांचा असतो. ट्रेडमार्कची नोंद दहा वर्षे टिकते आणि पुढे वाढवता येते.

हे काम अशक्य आहे, असे आम्हाला कोणी सांगू नये. दार्जिलिंगच्या चहासाठी टी बोर्डाने देशोदेशी चिन्हाची नोंद केली आहे. परदेशात कोणी नाव वापरले तर हरकत घेतली आहे. काही दावे जिंकले, काही हरले. पण लढले. बासमतीसाठी भारत सरकार युरोपपासून ऑस्ट्रेलियापर्यंत भांडते आहे. ते योग्यच आहे. तांदळाला आणि चहाला जे मिळते ते आंब्याला का मिळत नाही, याचे उत्तर आम्हाला हवे होते. आता उत्तराची गरज उरली नाही. अर्जाची आहे.

उशीर महाग पडतो. इकडे गुजरातेतून वलसाड हापूसच्या मानांकनासाठी अर्ज झाला आणि त्यावरचा वाद आजही आमच्या डोक्यावर आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात आफ्रिकेतल्या मलावीचा आंबा येतो. त्याची कलमे कोकणातून गेलेली. बाजार त्याला मलावी हापूस म्हणतो. उद्या अमिरातीत दुसऱ्या कोणी पुढे होऊन या नावाचे चिन्ह मागितले, तर जाहीर झाल्यावर हरकतीला तीस दिवस मिळतात. तीस दिवसांत आमच्या एका पत्राला खात्याकडून साधे उत्तरही येत नाही.

कोल्हापुरी चपलेचे काय झाले ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीने त्याच घाटणीची चप्पल दाखवली. नाव घेतले नाही. ओरड झाल्यावर घेतले. लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलैत न्यायालयाने जनहित याचिका फेटाळली. विचारले : तुम्ही कोण? नोंदणीचा मालक कुठे आहे?

तो प्रश्न आम्ही नीट ऐकला आहे.

१९९९ च्या कायद्याचे कलम २१ म्हणते की मानांकनाच्या उल्लंघनाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क नोंदणीकृत मालकाला आहे आणि अधिकृत वापरकर्त्यालाही आहे. खाली सही करणारे बागायतदार अधिकृत वापरकर्ते आहेत. प्रत्येकाकडे प्रमाणपत्र आहे. आम्हाला कोणी तुम्ही कोण असे विचारणार नाही.

आम्ही वाट पाहिली ती हक्क नाही म्हणून नव्हे. परदेशात नाव सांभाळणे हे राज्याचे काम आहे, असे आम्ही मानत आलो. अमिरातीतली शुल्के जगातल्या महागड्या शुल्कांत मोडतात. परदेशी अर्जदाराला तिथे स्थानिक एजंट लागतो. अरबी भाषांतर लागते. दोन एकरांच्या बागायतदाराने हे आपल्या खिशातून करावे, अशी अपेक्षा कोणतेही शहाणे सरकार करणार नाही. म्हणून आम्ही थांबलो.

करोनाच्या वर्षी थांबलो. त्या एप्रिलात वाशीला माल न्यायची वाट बंद होती आणि आम्ही घरोघरी पेट्या पोचवल्या. निसर्ग वादळाच्या वर्षी थांबलो. जून २०२० मध्ये दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या बागा आडव्या झाल्या. तौक्तेच्या वर्षी थांबलो. मे २०२१ मध्ये हातातोंडाशी आलेले फळ एका रात्रीत जमिनीवर आले. प्रत्येक वेळी सांगितले गेले की आत्ता नको, आधी पंचनामे होऊ द्या. पंचनामे झाले. निवडणुका झाल्या. मंत्री बदलले. अधिकारी बदलले. फाइल बदलली नाही.

थांबणे हा आमचा दुबळेपणा समजला गेला असेल, तर तो गैरसमज दसऱ्याला संपेल.

आम्ही महामार्ग अडवणार नाही. टेबले उलटी करणार नाही. कोणाच्या दारात आंबे ओतणार नाही. आंबा ओतायची वस्तू नाही. जे करू ते कागदावर करू, कायद्याने करू, आणि एकदा हात घातल्यावर मागे घेणार नाही.

दसऱ्यापर्यंत अर्जाची प्रत आमच्या हाती आली नाही, तर आमच्या सामूहिक चिन्हाचा अर्ज आम्ही स्वतः मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयात दाखल करू. त्याच्या आधारे माद्रिदच्या वाटेने अमिरात मागू. लागणारी रक्कम जमली आहे. पेटीमागे वर्गणी काढली गेली. ज्याची एक पेटी त्यानेही दिली, ज्याच्या हजार पेट्या त्यानेही दिली. आखातातल्या आमच्या माणसांनी आपला वाटा दिरहममध्ये टाकला आहे. एजंट ठरला आहे. चिन्ह तयार आहे.

मग ते चिन्ह आमचे असेल. त्याचे नियम आम्ही ठरवू. कोणत्या पेटीवर ते लागेल आणि कोणत्या पेटीवर नाही, हे आम्ही ठरवू. त्या दिवसानंतर खात्याला त्यात जागा मागावी लागेल. आज ती न मागता मिळते आहे.

पुढचा मोसम सुरू झाला की अमिरातीतल्या आमच्या माणसांचे काम सुरू होईल. फसव्या नावाचा खोका दिसला की तो विकत घेतला जाईल. बिल ठेवले जाईल. फोटो काढला जाईल. तक्रार तिथल्या व्यापार आणि ग्राहक संरक्षण खात्यात जाईल. अमिरातीचा ग्राहक संरक्षण कायदा २०२० चा आहे आणि व्यापारी फसवणुकीविरुद्धचा कायदाही त्यांनी २०२३ मध्ये नव्याने केला आहे. तिथले अधिकारी तक्रार वाचतात. तक्रार पाहताना ते विचारतील की या नावाची त्यांच्याकडे नोंद का नाही. त्याला आम्ही खरे उत्तर देऊ. आमच्या पत्रांच्या तारखांसह देऊ.

ज्या निर्यातदाराने खोका भरला, त्याच्यावर इथल्या जिल्हा न्यायालयात दावा होईल. रत्नागिरीत होईल, सिंधुदुर्गात होईल. नाव इथे छापले गेले तर गुन्हा इथलाच आहे. तो धक्क्यापलीकडे गेला म्हणून सुटत नाही. वर्षानुवर्षे आमच्याच आवाठातून माल उचलणारे काही व्यापारी या यादीत असतील. त्यांना आम्ही वेगळी नोटीस देऊ. ती त्यांनी गांभीर्याने घ्यावी.

आणि सरकारी महोत्सवांबद्दल. दसऱ्यानंतर नावाची नोंद झाल्याशिवाय परदेशातल्या कोणत्याही सरकारी मांडणीसाठी आमच्या बागेतली एकही पेटी दिली जाणार नाही. आमच्या फळाचा फोटो, आमच्या गावाचे नाव, आमच्या बागायतदाराची मुलाखत, काहीही दिले जाणार नाही. मंत्र्यांच्या हातात द्यायला फळ लागेल. ते दुसरीकडून आणावे. त्यावर हापूस लिहिलेले असले, तर त्याचाही फोटो काढला जाईल.

माहितीच्या अधिकारातले अर्जही टाकून झाले आहेत. आमच्या प्रत्येक पत्रावर कोणी काय शेरा मारला, कोणाकडे किती दिवस फाइल राहिली, हे आम्हाला कळेल. न्यायालयात जाताना तो कागद सर्वांत वर असेल.

चर्चेची दारे बंद नाहीत. पण चर्चेसाठी आम्ही मुंबईला किंवा दिल्लीला येणार नाही. तसे येणे पुरेसे झाले. ज्याला बोलायचे आहे त्याने कोकणात यावे. येताना दाखल केलेल्या अर्जाची प्रत आणावी. प्रत नसेल तर येऊ नये. चहापाण्याच्या बैठकीला आमच्याकडे वेळ नाही. पावसाळ्यानंतर बागेत बेणणी असते आणि खते घालायची असतात.

उत्तर लेखी हवे. त्यात दोनच गोष्टी असाव्यात : अमिरातीतल्या अर्जाचा क्रमांक आणि दाखल केल्याची तारीख. आश्वासन, समिती, अभ्यासगट, पाठपुरावा चालू आहे, यांतले काहीही उत्तर म्हणून धरले जाणार नाही.

मुदत दसऱ्याआधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, कार्यालय बंद होण्याच्या वेळी संपते.  पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी मुंबईत आमचा वकील अर्ज दाखल करील. त्याच दिवशी निर्यातदारांच्या नोटिसा रत्नागिरीच्या पोस्टातून निघतील. मुदतवाढ मागू नये. ती मिळणार नाही.